लोकरीचे नगर आणि भुकेली मुले

इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशायरच्या टेकड्यांमध्ये ब्रॅडफर्ड हे नगर वसले आहे. एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या वस्त्रांची जागतिक पेठ म्हणून त्याची ख्याती होती. आज तेथील गिरण्यांची धुराडी थंडावली आहेत. तरीही प्रवाशांची पावले या नगराकडे वळतातच.

प्रवाशांचे मुख्य आकर्षण म्हणजे सॉल्टेअर. टायटस सॉल्ट या उद्योगपतीने अल्पाकाच्या लोकरीवर अमाप संपत्ती मिळवली. शहरातील धूर, दाटी आणि रोगराई पाहून त्याने आपला कारखाना एअर नदीच्या काठी हलवला. १८५३ मध्ये गिरणी सुरू झाली आणि तिच्या भोवती कामगारांसाठी घरे, शाळा, रुग्णालय व उद्यान उभे राहिले. मद्यालयाला मात्र त्या गावात स्थान नव्हते. १९८६ मध्ये गिरणी बंद पडली. पुढे तिच्या दालनांत याच नगरात जन्मलेल्या डेव्हिड हॉकनी यांची चित्रे लागली. २००१ मध्ये युनेस्कोने सॉल्टेअरला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २००९ मध्ये ब्रॅडफर्ड युनेस्कोचे पहिले चित्रपटनगर ठरले, तर २०२५ साठी ब्रिटनचे सांस्कृतिक नगर म्हणून त्याची निवड झाली.

परंतु ज्या २००१ मध्ये हा गौरव झाला, त्याच वर्षी जुलैमध्ये या नगराच्या रस्त्यांवर दंगल पेटली. तीनशेहून अधिक पोलीस जखमी झाले आणि अनेक तरुणांच्या वाट्याला दीर्घ तुरुंगवास आला. या संघर्षाची मुळे खोल होती. दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्यांना मनुष्यबळ हवे होते, म्हणून पाकिस्तानातील मीरपूर भागातून तसेच भारतातूनही माणसे आली आणि रात्रपाळीत राबली. पुढे गिरण्या मिटल्या. माणसे तेथेच राहिली. वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, आणि बेकारी मात्र सर्वांच्या दाराशी. वंशद्वेषी संघटनांनी त्या असंतोषात तेल ओतले.

तरीही या नगराला दुसरी बाजू आहे. १८८१ च्या सुमारास बांधलेल्या तेथील यहुदी प्रार्थनास्थळाचे छप्पर गळू लागले. उपासक मोजकेच उरले होते आणि वास्तू विकण्याची वेळ आली होती. तेव्हा शेजारचे मुस्लिम रहिवासी साहाय्यास धावले आणि ती वास्तू वाचली. ज्यांच्यात दुरावा गृहीत धरला जातो, त्यांनी शेजारधर्म पाळला.

ब्रॅडफर्डच्या इतिहासातील आणखी एक पान आज मुद्दाम उघडण्याजोगे आहे. उपाशीपोटी बसलेल्या मुलाला शिकवणे व्यर्थ आहे, असा आग्रह मार्गारेट मॅकमिलन आणि फ्रेड जोवेट यांनी धरला होता. १९०६ च्या कायद्यानंतर, १९०७ मध्ये या नगराने ग्रीन लेन शाळेत मुलांना भोजन देण्यास आरंभ केला. देशात या कार्यात ब्रॅडफर्ड अग्रेसर ठरले. आज त्याच नगरातील दारिद्र्यात वाढणाऱ्या मुलांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून बरेच अधिक आहे.

संग्रहालये आणि उत्सव यांनी नगराची शोभा वाढते, यात शंका नाही. परंतु एकेकाळी ज्या नगराने परक्याच्या मुलाच्या ताटाची चिंता वाहिली, त्याची खरी कसोटी आजही त्या ताटापाशीच लागणार आहे.