मिसिंगचा हिशेब

वडिलोपार्जित वस्तू जपण्याची हौस आता जुन्या मोटारसायकलींपर्यंत पोहोचली आहे. सांगली भागातील एका धान्य व्यापाऱ्याच्या गोदामात १९७४ सालची बुलेट वीस वर्षे धूळ खात उभी होती. मद्रासजवळील तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात तयार झालेली, ३४६ सी.सी.ची, एका सिलिंडरची. आजोबांनी पेढीची वसुली तिच्यावरूनच केली होती. नातवाने मोठा खर्च करून ती पुन्हा उभी केली. रंग, क्रोम, सीट, सारे नवे.

परंतु आठ-दहा किलोमीटर गेल्यावर इंजिन मिसिंग करू लागे, सायलेन्सरमधून फटाके फुटत आणि गाडी बंद पडे. अर्ध्या तासाने पुन्हा सुरळीत. कारागिराने इंजिन उघडून बोअर करण्याचा सल्ला दिला. त्रासलेला नातू गाडी विकायला निघाला.

आजोबा म्हणाले, “खतावणीचा मेळ बसला नाही, तर तू सगळ्या वह्या नव्याने लिहितोस का? फरक कोणत्या पानावर आहे, ते आधी शोध.”

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पुरेसा दाब, हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण आणि वेळेवर ठिणगी. दाब झिजेमुळे कमी झाला असता, तर तो अर्ध्या तासाच्या विश्रांतीने परत आला नसता. म्हणून बोअरचा खर्च तूर्त थांबला.

मग प्लग काढून पाहिला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरेपणा म्हणजे कमी, तेलकट ओल म्हणजे ऑइल जळते आहे. येथे रंग विटकरी, म्हणजे मिश्रण ठीक. तरीही टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र नव्या रंगाने बुजले की पेट्रोल उतरणे थांबते. म्हणून गाडी बंद पडताच झाकण उघडून पाहिले. हवा आत खेचल्याचा आवाज आला नाही, इंजिनही सुधारले नाही. सहा व्होल्टची बॅटरी आणि तिचे अर्थिंग तपासले, तेही ठीक. अर्थिंगच्या जागी रंगाचा थर राहिल्यास ठिणगी दुबळी होते, हे नव्याने रंगवलेल्या गाड्यांचे नेहमीचे दुखणे.

उरली ठिणगी. तिन्हीसांजेला, गरम इंजिन चालू ठेवून पॉइंटचे झाकण काढले. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत होत्या. हे कंडेन्सर निकामी झाल्याचे लक्षण. तो तापल्यावर दगा देतो आणि थंडावल्यावर पुन्हा चालतो. डोळ्यांना दिसणारे सारे बदलले होते, हा तेवढा जुनाच राहिला होता.

नवा कंडेन्सर बसवला, पॉइंट घासून फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचे अंतर ठेवले. खर्च बोअरच्या तुलनेत अगदीच किरकोळ. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर दोष कोणाचा होता हे कधीच कळत नाही.

पुढच्या रविवारी नातवाच्या मागे बसून आजोबा वसुलीच्या जुन्या वाटेने चाळीस किलोमीटर फिरून आले. गाडी विकण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.