मुंबई–लंडन: किलोमीटर नको, तास विचारा

मुंबई ते लंडन किती लांब? मोबाइल लगेच सांगतो, सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर हे अंतर बरोबर आहे. पण तो दोरा जातो कराची, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून!

युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, भारतानेही तेच उत्तर दिले. मग अरबी समुद्र, आखात असा वळसा आला. जादा इंधन जळते, आणि ते कोणी फुकट देत नाही.

तिकिटावरच्या वेळाही चकवतात. समजा, उन्हाळ्यात दुपारी २ ला मुंबईहून निघून संध्याकाळी ७ ला लंडनला उतरलात. पाच तास? छे, साडेनऊ! तिथले घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. मुलांकडे निघालेल्या आई-बाबांनी इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा तिकीट पाहून ठरवू नयेत. डॉक्टरांना प्रवासाचे खरे तास सांगावेत.

येताना सहसा कमी वेळ लागतो, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे विमानाला मागून रेटतात.

तिकिटांच्या ॲपवर मात्र भाडे ठळक आणि एकूण तास बारीक अक्षरांत. हे उलटे हवे. तोवर पैसे भरण्याआधी ती बारीक ओळ वाचा.