फुगा की भेग?

अठ्ठावीस वर्षे मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवले आणि त्यातली निदान निम्मी वर्षे एक गोष्ट फार ठामपणे चुकीची शिकवली. ग्रॅनाइटचा शिलारस भूकवचातून वर कसा येतो हे सांगताना मी फळ्यावर एक मोठा फुगा काढीत असे. मधाच्या बरणीतला बुडबुडा रेंगाळत वर सरकतो, तसा हा कित्येक किलोमीटर रुंदीचा तप्त गोळा लाखो वर्षे खडक बाजूला सारीत चढतो, असे तेव्हाच्या पुस्तकांतही होते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, एवढा वेळ लागतो तर तो वाटेतच निवत कसा नाही?" "हे परीक्षेला येत नाही," असे म्हणून मी पुढे गेलो.

प्रश्न नेमका तोच होता. खिचडी पातेल्यात तासभर गरम राहते, ताटात पसरली की लगेच निवते. शिलारसाचेही तसेच. जाडी दुप्पट झाली की निवण्याचा काळ चौपट. मीटरभर जाडीची शीर काही दिवसांत गोठते, किलोमीटरभर जाडीच्या थराला हजारो वर्षे लागतात. फुगा मोठा खरा, पण वरच्या थंड आणि टणक खडकातून वाट काढताना त्याचा वेग इतका मंदावतो, की माथ्याजवळ पोचण्याआधीच तो थिजावा.

१९९३ मध्ये पेटफर्ड, कर आणि लिस्टर या तिघांनी पेरू देशातील कॉर्डिलेरा ब्लांका पर्वतातल्या ग्रॅनाइटचा हिशेब मांडला. फुगा सोडा, सुमारे ६ मीटर रुंदीची उभी भेग धरा. तिच्यातून शिलारस सेकंदाला सेंटिमीटरभर चढतो आणि ३० किलोमीटरचा पल्ला ४१ दिवसांत गाठतो! प्रवाह अखंड राहिला, तर सगळा ग्रॅनाइट भरायला ३५० वर्षे पुरतात. मी आधी हसलो, मग कागद घेऊन गुणाकार केला. मुंगीसुद्धा याहून भरभर चालते.

म्हणजे सारेच झटपट घडले काय? तसेही नाही. कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या टुओलमी भागात ग्रॅनाइटी खडकांचा मोठा समूह आहे. त्यातल्या झिरकॉनच्या बारीक कणांवरून कोलमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की तो साडेनऊ ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, म्हणजे तब्बल एक कोटी वर्षे, भरत होता. एकदम भरला असता तर याच्या अंशभर काळातच निवला असता. तेव्हा तो हप्त्याहप्त्याने आला, हे उघड आहे. आडगावी एसटी तासाभरात पोचते, पण गाडीच आठवड्याला एक. मग जत्रा जमायला किती दिवस लागायचे?

मोठे स्फटिक म्हणजे सावकाश निवलेला खडक, हेही मी बिनदिक्कत लिहून देत असे. पण पेग्मटाइटच्या अरुंद शिरा लवकर गोठतात आणि तरी त्यांत हातभर स्फटिक सापडतात. शिलारसात मुरलेल्या पाण्याची ती करामत.

शेवटच्या काही वर्षांत मी फळ्यावर फुग्याऐवजी भेग काढू लागलो. मुले मात्र आधीच्या तुकडीच्या वह्या उतरवून घेत, आणि उत्तरपत्रिकांत दरवर्षी फुगाच वर चढत राही.