दीर्घायुष्याची जनुके: संशोधनाला नमुना द्या, 'आयुर्मान तपासणी'ला पैसे देऊ नका

"डॉक्टर, माझे आजोबा ९५ वर्षे जगले. ते जनुक माझ्यात आहे का, तपासून घेऊ का?" असा प्रश्न आता दवाखान्यात अधूनमधून येतो. घरबसल्या लाळेचा नमुना पाठवा आणि किती जगाल ते जाणून घ्या, अशा जाहिराती मोबाईलवर दिसतात. मोठमोठ्या जनुकीय डेटाबेसचा हवाला दिला की त्या भारदस्त वाटतात. म्हणून हे डेटाबेस कशासाठी आहेत, ते आधी समजून घेऊ.

डेटाबेसमध्ये असते तरी काय?

वृद्धत्वाच्या संशोधनातला एक प्रसिद्ध संग्रह म्हणजे 'ह्यूमन एजिंग जिनोमिक रिसोर्सेस'. ब्रिटनमधील प्राध्यापक जोआओ पेद्रो द मागाल्याइश यांच्या गटाने तो उभा केला असून तो इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

त्यातल्या 'जेनएज' विभागात वृद्धत्वाशी संबंध असू शकणारी माणसाची ३०० हून अधिक जनुके नोंदवली आहेत. 'असू शकणारी' हा शब्द महत्त्वाचा आहे. यातली बरीच जनुके यादीत आली ती उंदीर, माशी किंवा सूत्रकृमी यांच्यावरील प्रयोगांमुळे. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांच्या गटाने एकाच जनुकातील बदलामुळे सूत्रकृमीचे आयुष्य दुपटीहून अधिक झाल्याचे दाखवले. शोध मोठा होता, पण तो जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवरचा होता.

'अ‍ॅनएज' या दुसऱ्या विभागात ४,००० हून अधिक प्राण्यांच्या आयुष्याची माहिती आहे. साधा उंदीर फार तर चार वर्षे जगतो, पण जमिनीखाली राहणारा, जवळपास केस नसलेला त्याचा नातलग 'नेकेड मोल रॅट' तीस वर्षांहून अधिक जगतो. हा फरक कशामुळे पडतो, हे शोधायला अशा नोंदी उपयोगी पडतात.

मला सर्वांत आवडतो तो 'लाँजेव्हिटीमॅप' हा विभाग. माणसाच्या दीर्घायुष्याशी एखाद्या जनुकाचा संबंध सापडला तर त्याची नोंद तिथे होतेच, पण शोधूनही सापडला नाही तर तीही होते. अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेली जनुके अगदी मोजकी आहेत. त्यांत एपीओई आणि फॉक्सओ३ ही दोन प्रमुख.

मग तपासणी का नको?

कारण हे संग्रह हजारो लोकांच्या गटाबद्दल बोलतात, तुमच्या एकट्याबद्दल नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासात आयुर्मानातील फरकाचा साधारण पाव भाग आनुवंशिकतेचा असल्याचे दिसले. इतर अभ्यासांचे आकडे याहून कमी-जास्त आहेत. पण आनुवंशिकतेचा हा वाटाही असंख्य जनुकांत विभागलेला असतो. त्यातली चार-दोन तपासून आयुष्याची वर्षे सांगणे म्हणजे पत्रिका पाहण्याचाच नवा प्रकार.

शिवाय यात धोकाही आहे. एपीओई जनुकाच्या एका प्रकारामुळे अल्झायमरची शक्यता वाढते. शक्यता वाढते म्हणजे आजार होणारच असे नाही. पण समुपदेशनाशिवाय असा रिपोर्ट हातात पडला तर माणूस धास्तावतो. आणि जनुके तुमच्या भावंडांशी, मुलांशी सामायिक असतात. त्यांनी न विचारलेली गोष्ट त्यांच्याबद्दलही कळते.

माहितीच्या सुरक्षिततेचेही पाहा. अमेरिकेतील 'ट्वेंटी-थ्री अँड मी' कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, जनुके बदलता येत नाहीत.

तरीही नमुना द्या, असे मी का म्हणतो?

कारण जगातल्या मोठ्या संग्रहांत आपण फारसे नाहीच. 'यूके बायोबँक'मधील पाच लाख सहभागी बहुतांश युरोपीय वंशाचे आहेत. त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही.

एक उदाहरण देतो. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ या जनुकातला एक बदल भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो आणि हृदयविकाराच्या वाढलेल्या धोक्याशी त्याचा संबंध आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. केवळ युरोपीय रक्त तपासून हे कधी समजले नसते.

आता आपल्याकडेही काम सुरू झाले आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या 'लासी' या पाहणीत ४५ वर्षांपुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोक सहभागी झाले. त्याच्याच जोडीने चाललेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात सुमारे २,७०० ज्येष्ठांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले आहे. आपल्या लोकसंख्येच्या मानाने ही सुरुवातच आहे.

तेव्हा एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने संशोधनासाठी विचारले, तर लगेच नकार देऊ नका. मात्र सही करण्यापूर्वी हे विचारा:

- अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का?
- माझे नाव-पत्ता नमुन्यापासून वेगळा ठेवणार का?
- माहिती कुठे राहील आणि कोणाला मिळेल?
- मला पुढे माघार घेता येईल का?

समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आणि 'आयुर्मान तपासणी'साठी बाजूला काढलेल्या पैशांतून रक्तदाब मोजण्याचे यंत्र घ्या, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, तंबाखू खात असाल तर ती सोडण्यासाठी मदत घ्या. आजोबांकडून कोणती जनुके आली ते आपल्या हातात नव्हते, पण या गोष्टी आहेत.