उद्यानाचा हिशेब कोणी मांडावयाचा?

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पूर्व काठावर रॉबर्ट मोझेस यांच्या कारकिर्दीत उभारलेले ईस्ट रिव्हर पार्क १९३९ साली खुले झाले. त्याला लागून सार्वजनिक गृहवसाहती आहेत आणि तेथील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना अंगण म्हणून तेवढेच होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात नदी या वस्त्यांत शिरली. त्यानंतर रहिवाशांशी वाटाघाटी करून आखलेल्या योजनेत रस्त्याकडेच्या बाजूने बांध घालून उद्यान बहुतांशी शाबूत ठेवावयाचे होते. पुराचे पाणी उद्यानात पसरावे व ओसरावे, अशी ती कल्पना.

२०१८ साली नगर प्रशासनाने हा आराखडा बाजूस सारला. सबंध उद्यान उखडून, आठ ते दहा फूट भराव घालून वर नवे उद्यान रचावयाचे, असे ठरले. खर्च सुमारे १४५ कोटी डॉलर. तोडावयाची झाडे सुमारे १,०००. जुन्या योजनेत शेजारच्या हमरस्त्यावरील मार्गिका रात्री बंद ठेवाव्या लागल्या असत्या आणि वीजवाहिन्याही आड येत होत्या, हे एक कारण. सखल उद्यान स्वतःच पुन्हापुन्हा खाऱ्या पाण्याखाली जाईल, हे दुसरे. दुसरा मुद्दा पोकळ नव्हता. वसाहतींतील काही भाडेकरू-प्रतिनिधींनीही नव्या योजनेला पाठिंबा दिला. घरात पाणी शिरलेला मनुष्य झाडे मोजीत बसत नाही.

परंतु पहिल्या कारणाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. मोटारचालकाच्या वाया जाणाऱ्या तासाला नियोजनकारांच्या कोष्टकात किंमत असते. दोन खोल्यांत राहणाऱ्या वृद्धेने सावलीत काढलेला तास बाजारात विकला जात नाही, म्हणून तो शून्य धरला जातो. तोडलेल्यांहून अधिक रोपे लावू, हे आश्वासनही तशाच जमाखर्चातले. रोपाला सावली धरावयास जी वीस-तीस वर्षे लागतील, ती त्या वृद्धेकडे नाहीत.

नागरिकांनी मोर्चे काढले, न्यायालयात धाव घेतली. उद्यानाची भूमी अन्य कामी वळविण्यास राज्य विधिमंडळाची संमती हवी, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयांनी मानला नाही. मात्र संपूर्ण उद्यान एकदम बंद न करता काम टप्प्याटप्प्याने करावे, एवढे त्यांनी २०१९ साली पदरात पाडून घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये झाडांवर करवती चालल्या. १९५६ साली जोसेफ पॅप यांनी जेथे शेक्सपिअरची नाटके विनामूल्य दाखविली, तो खुला रंगमंचही गेला.

योजना बदलण्यामागील तांत्रिक अहवाल लोकांनी मागितला, तेव्हा २०२१ साली हाती आला तो बराचसा मजकूर काळा केलेला. नगरपरिषदेने नव्या योजनेला मंजुरी दिली होती नोव्हेंबर २०१९ मध्ये. त्यापूर्वी तो अहवाल संपूर्ण लोकांपुढे असता, तर उद्यान कदाचित तरीही गेले असते. पण वाद निदान आकड्यांवर झाला असता.