मुलांना भिंतीआड कोंडणारे कारभारी

वैजापूरच्या शेतशिवाराला ज्या पाण्याची आस लागलेली असते, ते नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून जलद कालव्याने येते. आवर्तन कधी सुटणार, ही चिंता इथल्या पाचवीतल्या पोरानेही घरात ऐकलेली आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा तो बंधारा इंग्रजी अमदानीतला. त्यामागच्या गाळाच्या पाणथळीवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि जानेवारी २०२० मध्ये तिला महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून मान्यता मिळाली. भूगोल, जीवशास्त्र, इतिहास आणि स्वतःच्या बापाच्या शेतीचे अर्थकारण, हे सारे त्या एका बंधाऱ्यावर उभे राहून शिकता येते. आणि आमची शाळा ते पुस्तकातल्या चार ओळींत उरकते!

वेरूळचेही तेच. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एका अखंड कातळातून, शिखरापासून खाली उतरत, कोरून काढलेले कैलास लेणे पाहायला साता समुद्रापलीकडून माणसे येतात. ज्या लाव्हाचा तो कातळ, त्याच लाव्हाच्या खडकातून आपल्या रानातली काळी माती झालेली आहे. हे मुलाच्या तळहाताला त्या थंड भिंतीवर कळते, फळ्यावर नव्हे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते. मग खर्चाचे रडगाणे कोणाला ऐकवता?

सहली न निघण्याचे खरे कारण खर्च नव्हे. खरे कारण भित्री प्रशासकीय वृत्ती. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, साऱ्या महाराष्ट्राचे काळीज हलले, आणि त्या दुःखातून शिक्षण खात्याने काय काढले? परवानग्या, हमीपत्रे आणि अटींची लांबलचक जंत्री! जानेवारी २०२४ मध्ये बडोद्याच्या तलावात बारा मुले आणि दोन शिक्षिका प्राणाला मुकल्या, तेव्हा नौकेत क्षमतेहून अधिक जीव कोंबलेले होते आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. तिथे गुन्हा सहलीचा नव्हता, निष्काळजीपणाचा होता. ज्यांच्या पोटचे गेले, त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत, आणि म्हणूनच सांगतो की सुरक्षेसाठी प्रशिक्षित सोबती, प्रथमोपचाराची पेटी, पोहणारा माणूस आणि तपासलेली गाडी लागते. मुख्याध्यापकाच्या सहीचा कागद बुडत्या मुलाला वर काढत नाही. तो कागद फक्त एकालाच वाचवतो. साहेबाला!

आणि दांभिकपणा पाहा. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकू द्या म्हणते. राज्य सरकार आनंददायी शनिवारचा निर्णय काढते. व्यासपीठांवरून अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा जयघोष होतो, आणि तोच जयघोष करणारे हात सहलीच्या प्रस्तावाची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर ढकलत थंडीचा अख्खा हंगाम घालवतात. याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणावर नेली. त्या कुरणशाळेचा गौरव भाषणांत करायचा आणि आपल्या मुलांना कुंपणाबाहेर पाऊल टाकू द्यायचे नाही! याला नाव एकच. ढोंग.

जिथे पैसा आहे तिथला प्रकार तर याहून किळसवाणा. सूचनापत्रावर ‘शैक्षणिक सहल’ लिहायचे, पालकांकडून मनमानी रक्कम उकळायची आणि पोरांना वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर सोडून संध्याकाळी मोजून परत आणायचे. खेळाला आमचा विरोध नाही, पण त्यावर शिक्षणाची मोहर उमटवणे ही शुद्ध फसवणूक आहे. ज्याच्या बापाला ती रक्कम झेपत नाही, तो पोरगा त्या दिवशी घरी बसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बाकीच्यांच्या गप्पा मुकाट्याने ऐकतो. सहल हा शाळेचा तास आहे; तो विकत घ्यावा लागणे हा अन्याय आहे.

सहलीइतकेच मुक्कामाचे शिबिरही मोलाचे. शिबिरातल्या एका रात्रीत मूल आपली पथारी आपण घालते, दुसऱ्याला आधी वाढते, अंधाराची भीती जिंकते, आणि गुरुजींना वर्षभर न दिसलेले त्याचे गुण चुलीपाशी दिसतात. असे शिक्षण ज्यांनी आमच्या लेकरांपासून हिरावले, ते काळजीवाहू नव्हेत. ते कर्तव्यचुकार आहेत.

वाचकहो, शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत. पुढच्या सभेत उभे राहा, नांदूर मधमेश्वर आणि वेरूळच्या सहलीचा ठराव मांडा, एकही मूल पैशापायी मागे राहणार नाही असे त्यात लिहून घ्या, आणि जो नकार देईल त्याच्याकडून नकाराचे कारण सहीनिशी मागा.