बाजार कुणाच्या दारात?

माघ पौर्णिमेला नागपूरहून कचारगडला गेले. सालेकसा तालुक्यातल्या या गुहेला गोंड समाज आपलं मूळस्थान मानतो. शेजारच्या राज्यांतूनही माणसं येतात. वाटेवर प्लॅस्टिकच्या बांगड्या, मोबाइलची कव्हरं. ‘बाजार इथंही पोचला!’ मी हळहळले. बांगड्या भरणारी बाई हसली, “तेंदूपत्ता तोडून कमावलेला माहा पैसा हाय, पोरी. कोणाले इचारा नाई लागत.”

मी गप्प झाले. १९९६ साली बंगळूरच्या मिस वर्ल्ड स्पर्धेविरुद्ध स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. माझ्या लेखी तो विरोध बाईच्या नटण्याला नव्हता, तिचा माल करणाऱ्या बाजाराला होता. आणि मी? स्वतः मॉलमध्ये जायचं, हिनं मात्र ‘अस्सल आदिवासी’ राहायचं, म्हणजे माझे फोटो छान येतील! मीही तिचा मालच करत होते.

मैत्रिणींनो, चंगळवादाविरुद्ध जरूर बोलू. पण सुरुवात तिच्या बांगडीपासून नको. ७० पानांच्या पुड्याला तिला भाव काय मिळतो, आणि तो ठरतो तेव्हा ती कुठे असते, हे आधी विचारू.